डाग

आमच्या मैदानाच्या तीन बाजूंना डोंगर, चौथीला समुद्र.
गोलामागे उंच जाळी आहे,
पण आमच्या बेटावरच्या वाऱ्यापुढे जाळीचं काय चालतंय?
दर सामन्यात दोन-तीन चेंडू पाण्यात जातात
आणि म्हातारा एइविन होडी घालून ते परत आणतो.
कुरकुरतो, पण आणतो.

ब्रान्दुरला नाही आणता आलं.

मी सुन्वॉर. क्लबचे कपडे धुते. एकोणीस वर्षं.
कोण किती पळाला ते मला काखेवरून कळतं,
कोण नुसताच उभा होता तेही.
दहा निळ्या जर्स्या, एक केशरी.
केशरीच्या डाव्या कोपरावर होडीचा हिरवा रंग लागलेला.
सरावाची जर्सी घालून होडी रंगवायला बसतो का कुणी?
तीन वर्षं भांडले त्याच्याशी त्या डागावरून.
तो हसायचा. म्हणायचा, गोल तर अडवतोय ना.

मंगळवारी दुपारी फोन आला,
ट्रॉलर, मोठी लाट, जाळं ओढताना.
मशीन तेव्हा अर्ध्यावर होतं.
काचेआड केशरी बाही एकदा वर यायची, एकदा बुडायची.
बटण हाताजवळच होतं.
मी ते दाबलं नाही.
फोन कानाला धरून उभी राहिले, पाणी वाहून जाईपर्यंत.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी सामना झाला. रद्द करू नका, त्याची आईच म्हणाली.
पलीकडच्या बेटाचा संघ सकाळच्या फेरीने आला,
दंडाला काळ्या फिती, त्याही आपल्या आपण शिवलेल्या, वेड्यावाकड्या.
पंचाने शिट्टी दिली, एक मिनिट शांतता.
डोंगरावरच्या मेंढ्यांना कोण सांगणार?
त्या ओरडत राहिल्या, आणि बरं झालं,
नाहीतर ते मिनिट सोसलं नसतं.
हानसीना, जी नऊ वर्षं गोलामागे उभी राहून
त्याला शिव्या घालायची,
"पुढे ये रे! पाय चिकटले का तुझे?"
ती तिथेच उभी होती, थर्मासचं झाकण हातात,
कॉफी ओतायची विसरून.

गोलात रोई. सतरा वर्षांचा.
ब्रान्दुर सुरुवातीआधी डाव्या खांबाला बुटाने दोनदा ठोकायचा.
टक, टक.
रोईने ठोकलं नाही. त्याची हिंमत झाली नसेल,
किंवा ते त्याचं नव्हतंच.
पण आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो,
आणि खेळ सुरू झाला तरी
काहीतरी सुरू व्हायचं राहिलं होतं.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या.
पाहुण्यांचा गोलकीपर, टक्कल पडलेला, चाळिशीचा,
आमच्या खांबापाशी आला.
हातमोजे घट्ट केले, समुद्राकडे पाहिलं,
आणि बुटाने दोनदा.
टक, टक.
ज्याच्याविरुद्ध दहा वर्षं खेळलो
त्याच्या सवयी आपल्या घरातल्यासारख्या होत असतील.
हानसीना तेव्हा ओरडली. शब्द नव्हता त्यात.
मग सगळं मैदान.
आम्ही तीन-शून्य हरलो. कुणाला धड आठवत नाही.

त्या दिवशी एकही चेंडू पाण्यात गेला नाही.
एइविन तरी होडी घेऊन गेला
आणि अंधार पडल्यावर रिकामा आला.

सोमवारी समितीची माणसं माझ्या दारात.
क्लबच्या खोलीत काचेत लावायची म्हणे, शेवटची जर्सी.
"सुन्वॉर, धुतली नाहीस ना?"
मी घडी उलगडली. साबणाचा वास आला.
कुणी बोललं नाही.
मग अध्यक्षांनी कोपरावर बोट टेकवलं.
हिरवा. तस्साच.

तीन वर्षं मी घासला, ब्रशने, लिंबाने, रॉकेलने,
आणि माझ्या हाताला कधी यश आलं नाही.
देवा, हरण्याबद्दल
इतके आभार मी कधी मानले नव्हते.

उद्या मंगळवार.
दहा निळ्या, एक केशरी.
रोईला बाह्या लांब होतात, दुमडून शिवायला हव्यात.